मिनिटांत मोजायची तिजोरी

ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा १८८६ मध्ये रत्नागिरीत आणला गेला आणि १९१६ मध्ये इथेच वारला. सरकारने त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० मध्ये पुरा झाला. तो आजही भाट्याच्या खाडीकडे पाहत उभा आहे. राजाच्या ऐवजातला सर्वांत मोलाचा नग मात्र रत्नागिरीपर्यंत पोचलाच नाही. ‘ङा मौक’ नावाचा तो नामांकित माणिक. नोव्हेंबर १८८५ मध्ये मंडाले पडले तेव्हा कर्नल एडवर्ड स्लेडन या इंग्रज अधिकाऱ्याने तो सांभाळून ठेवण्यासाठी म्हणून घेतला आणि परत दिला नाही, असा राजाचा आरोप होता. पुढे त्याने सरकारकडे दाद मागितली, पण माणिक काही मिळाला नाही. बरोबर आलेल्या जडजवाहिरापैकीही पुष्कळसे या हद्दपारीत संसार रेटता रेटता विकले गेले. राजाचे एकही कुलूप कोणाला फोडावे लागले नाही.

दुसरी हकिगत याच किनाऱ्यावरची, थोडी उत्तरेला, रायगड जिल्ह्यातल्या दिवेआगरची. १७ नोव्हेंबर १९९७ रोजी तिथल्या एका सुपारीच्या बागेत खणताना तांब्याची पेटी लागली आणि तीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला. वजन किलोच्या वर. जमिनीखाली त्याला कोणाचा हात लागला नव्हता. वर आल्यावर तो देवळात विराजमान झाला, दर्शनाला गर्दी लोटू लागली, राखणीला पहारेकरी आले. २४ मार्च २०१२ च्या पहाटे दरोडेखोरांनी दोन पहारेकऱ्यांचा जीव घेऊन मुखवटा पळवला. आरोपी सापडले, पण तोवर मुखवटा वितळवलेला होता. हस्तगत झालेल्या सोन्याचा नवा मुखवटा घडवून त्याची स्थापना नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली.

घरासाठी तिजोरी बघायला निघालेल्या माणसाने दुकानाची पायरी चढण्यापूर्वी या दोन्ही गोष्टी डोक्यात ठेवाव्यात. पुरलेला मुखवटा टिकला, कारण तो कुठे आहे हे कोणाला ठाऊक नव्हते. राखलेला गेला, कारण तो कुठे आहे आणि रात्री तिथे किती माणसे असतात हे सगळ्यांना ठाऊक होते. आपले वाडवडील हंडा पुरत, भिंतीत चोरकोनाडा ठेवत, त्यामागे हेच व्यवहारज्ञान होते. पण सोने पुरता येते, खरेदीखत पुरता येत नाही. कोकणच्या मातीत कागद एक पावसाळासुद्धा काढणार नाही. म्हणून पेटी लागते, आणि ती जमिनीच्या वर लागते.

आता तिजोरी म्हणजे नेमके काय, हे आधी स्पष्ट करू. जगात कुठलीही तिजोरी न फुटणारी नाही. ती चोराला थांबवत नाही, त्याचा वेळ खाते. तिजोऱ्यांची परीक्षा घेणाऱ्या संस्थाही हाच हिशेब करतात. अमेरिकेतल्या अंडररायटर्स लॅबोरेटरीजच्या ‘टीएल-१५’ या दर्जाचा अर्थ असा की, हातोडी, छिन्नी, कटावणी, ड्रिल, ग्राइंडर घेतलेल्या तरबेज माणसांसमोर दरवाजा पंधरा मिनिटे टिकला. ही पंधरा मिनिटे हत्यार प्रत्यक्ष चालू असतानाची. मधली विश्रांती त्यात धरत नाहीत. ‘टीएल-३०’ म्हणजे तीस मिनिटे. युरोपातल्या ‘ईएन ११४३-१’ या मानकात शून्यापासून चढत जाणाऱ्या श्रेणी आहेत आणि त्यांच्या मुळाशीही वेळ आणि हत्यार यांचेच गणित आहे. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोचे तिजोऱ्यांसाठीचे मानक ‘आयएस ५५०’. दुकानदार ‘एकदम मजबूत, साहेब’ म्हणाला की शांतपणे विचारावे : कुठल्या मानकाची, कुठल्या श्रेणीची, आणि ते पेटीवर कुठे लिहिले आहे? उत्तर मिळाले नाही तर आपण तिजोरी बघत नाही, रंग दिलेला पत्रा बघतो आहोत असे समजावे.

हा मिनिटांचा हिशेब मुंबईच्या फ्लॅटमध्ये एक सांगतो आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या बंद घरात दुसरेच. फ्लॅटमध्ये ग्राइंडर पाच मिनिटे वाजला तर शेजारी दार ठोठावतो. वाडीतले घर मात्र गणपतीला उघडते, शिमग्याला उघडते, मे महिन्यात आंब्याला उघडते. एरवी चाकरमानी मुंबईला आणि घराला कुलूप. अशा घरात चोराकडे पंधरा मिनिटे नाहीत, पंधरा रात्री आहेत. तिथे टीएल-१५ काय नि टीएल-३० काय, दोन्ही सारखेच. माझे स्पष्ट मत असे की वर्षातले दहा महिने बंद राहणाऱ्या घरात दागिन्यांसाठी तिजोरी घेऊच नये. मोठी तिजोरी तिथे ‘आत काहीतरी आहे’ अशी पाटी लावण्याचे काम करते. ज्या घरात माणूस राहतो किंवा शेजार जागता आहे, तिथे विकत घेतलेल्या मिनिटांना किंमत येते.

तिजोरी पाहायला गेल्यावर जे नाव पहिल्यांदा ऐकू येते, ते निघाले मुंबईच्या लालबागेतून. आर्देशिर गोदरेज मुळात वकील. झांझिबारला वकिली करताना अशिलाच्या बाजूने खोटे बोलावे लागेल असे दिसताच त्यांनी तो धंदाच सोडला. परत येऊन शस्त्रक्रियेची अवजारे करून पाहिली. ते काही जमले नाही. मुंबईतल्या वाढत्या घरफोड्यांची बातमी वाचून त्यांनी १८९७ मध्ये कुलपे बनवायला घेतली आणि १९०२ मध्ये पहिली तिजोरी तयार झाली. राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी यांच्या १९११-१२ च्या हिंदुस्थान दौऱ्यात मौल्यवान चीजवस्तू ठेवायला गोदरेजची तिजोरी वापरली गेली. म्हणजे थिबा राजा रत्नागिरीत आपल्या माणकाची वाट पाहत असताना त्याला हद्दपार करणाऱ्या साम्राज्याची राणी लालबागच्या पेटीत दागिने ठेवत होती. याच आर्देशिर यांनी टिळक स्वराज्य फंडाला तीन लाख रुपये दिले. ते टिळक जन्माने रत्नागिरीचेच. कंपनीच्या नावातले दुसरे, बॉइस, हे भागीदार फार लवकर बाजूला झाले. नाव मात्र शंभर वर्षांहून जास्त टिकले.

गोदरेजच्या तिजोरीची खरी कसोटी मुंबईतच १४ एप्रिल १९४४ रोजी लागली. व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन हे जहाज फुटले. पोटात दारूगोळा आणि कापसाच्या गासड्या एकत्र, शिवाय सोन्याच्या विटाही. सोने हवेत उडून दूरवर वस्तीत पडले आणि गोदीलगतच्या भागात आगी लागल्या. त्या आगीतून निघालेल्या आपल्या तिजोऱ्यांमधले कागद शाबूत होते, असे कंपनीच्या इतिहासात सांगितले जाते.

या नावानेच एक घोळही करून ठेवला आहे. १९२३ पासून गोदरेजची लोखंडी कपाटे निघाली आणि मराठी घरात प्रत्येक स्टीलचे कपाट ‘गोदरेज’ झाले, मग ते कोणीही बनवलेले असो. त्याच्या आत एक छोटा लॉकर असतो, त्याला वेगळी किल्ली असते, आणि लग्नात मिळालेले सगळे सोने तिथे जाते. पण या कपाटाचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा, कधी त्याहूनही पातळ. पहार दाराच्या फटीत घालून जोर दिला की आधी दार वाकते, मग लॉकरचे दार त्याहून लवकर वाकते. कपडे, साड्या, रोजची कागदपत्रे ठेवायला कपाट उत्तम. कुळाचारातले सोने ठेवायला नाही. खऱ्या तिजोरीच्या दारात जाड पोलाद असते, कुलपापुढे ड्रिल बोथट करणारी कठीण पट्टी असते. चांगल्या तिजोरीत दाराच्या आत एक काचेचा तुकडाही बसवलेला असतो. कोणी भोक पाडायला लागले की ती काच फुटते, तिने ताणून धरलेल्या तारा सुटतात आणि जास्तीचे अडसर आपोआप बसतात; मग मूळ किल्लीनेही दार उघडत नाही. विक्रेता दाराचे चकचकीत गोल बोल्ट मोजून दाखवतो. ते बघावेत, पण नजर पाठीवर आणि बाजूवर ठेवावी. स्वस्त पेट्यांचे दार जाड आणि पाठ पातळ असते, आणि चोराला पेटी उलटी करायला कोणाची परवानगी लागत नाही.

कुलपांचा इतिहास मोठा गमतीचा आहे, त्यातली एकच गोष्ट सांगतो. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनात आल्फ्रेड हॉब्ज हा अमेरिकन कुलूपकार येऊन दाखल झाला. इंग्लंडला तेव्हा दोन कुलपांचा भारी अभिमान : चबचे ‘डिटेक्टर’ कुलूप, जे छेडले की अडकून बसे, आणि ब्रामाचे, ज्याच्या दुकानाच्या खिडकीत ‘उघडून दाखवेल त्याला दोनशे गिनी’ असे आव्हान वर्षानुवर्षे टांगलेले होते. हॉब्जने चबचे कुलूप पंचवीस मिनिटांत उघडले. ब्रामाच्या कुलपाला त्याने सोळा दिवसांत मिळून एकावन्न तास लावले, पण तेही उघडले. इंग्रजी वर्तमानपत्रांत गदारोळ उठला. मिनिटांत मोजायची सवय त्या वादाने लोकांना लावली असे म्हणायला हरकत नाही, कारण हॉब्जपुढे दोन्ही कुलपे हरली तरी दोन्ही सारखी हरली नव्हती.

आज घरगुती तिजोरीत आकड्यांच्या कळांचे इलेक्ट्रॉनिक कुलूप सर्रास मिळते. स्वस्त नगांमध्ये आतली खिट्टी एका छोट्या विद्युतचुंबकाने सरकते. त्यांतल्या काही वरून ठोसा मारताच, काही बाहेरून जोरदार चुंबक फिरवताच उघडतात. शिवाय कारखान्यातून आलेला ‘मास्टर कोड’ बदलायचा राहून जातो आणि तो माहितीपत्रकात छापलेला असतो. किनाऱ्यालगत आणखी एक अडचण. मिऱ्या, मांडवी, गणपतीपुळे, वेळणेश्वर या पट्ट्यात खारी हवा बॅटरीच्या टोकांवर हिरवट पूड चढवते आणि कळा एका हंगामात मुक्या होतात. अशा वेळी बाहेरून वीज द्यायची सोय, म्हणजे नऊ व्होल्टची बॅटरी टेकवायची जागा किंवा चार्जरचे छिद्र, पेटीला आहे की नाही ते घेतानाच पाहावे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगड भागात वीज किती दिवस गेली होती, हे तिथल्या माणसाला सांगायला नको. मी निवड करायची तर किनाऱ्यावर चांगल्या प्रतीच्या किल्लीचे कुलूप घेईन. किल्ली लपवण्याची कटकट आहे खरी, पण ती बॅटरीसारखी आपणहून मरत नाही.

आता आग. इथे तिजोरीतले खरे नवल सुरू होते. कागद साधारण १७७ अंश सेल्सिअसला करपू लागतो. म्हणून कागदासाठीच्या अग्निरोधक पेटीची अट अशी की बाहेर भट्टी ८०० अंशांच्या वर तापलेली असली तरी ठरलेल्या वेळेपर्यंत, अर्धा तास, एक तास, दोन तास, आतली हवा या मर्यादेखाली राहिली पाहिजे. पोलाद तर उष्णता सरळ आत नेते. मग हे साधते कसे? दोन पत्र्यांच्या मधल्या पोकळीत जिप्समसारखे किंवा सिमेंटसारखे पदार्थ भरलेले असतात. जिप्समच्या वजनाचा सुमारे एक पंचमांश भाग म्हणजे त्याच्या स्फटिकांत बांधलेले पाणी असते. आगीची धग लागली की हे पाणी सुटते, त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ती प्रचंड उष्णता खाते. सगळे पाणी संपेपर्यंत आतले तापमान शंभर अंशांच्या आसपास रेंगाळते. म्हणजे अग्निरोधक तिजोरी कोरडी दिसते, पण तिच्या भिंतींत पाणी भरून ठेवलेले असते.

यातून तीन गोष्टी निघतात, आणि त्या बहुतेक दुकानांत कोणी सांगत नाही. पहिली : अग्निरोधक म्हणजे चोररोधक नव्हे. पोकळीतले भरण मऊ असते आणि पत्रा पातळ. बाजारातल्या पुष्कळ ‘फायरप्रूफ’ पेट्या कटावणीला दहा मिनिटेसुद्धा टिकणार नाहीत. दोन्ही हवे असेल तर दोन्ही परीक्षांचे शिक्के हवेत. दुसरी : कागद वाचवणारी पेटी पेन ड्राइव्ह वाचवत नाही. संगणकी साठवणीसाठी मर्यादा ५२ अंशांची, आणि तिच्यासाठी वेगळ्या श्रेणीची पेटी लागते. लग्नाचे फोटो पेन ड्राइव्हवर टाकून कागदाच्या तिजोरीत ठेवले, तर आगीनंतर खरेदीखत पिवळे पडून मिळेल आणि फोटो मिळणारच नाहीत. तिसरी : आग विझल्यावर तिजोरी लगेच उघडू नये. आतले तापलेले, प्राणवायू संपलेले कागद दार उघडताच भडकतात. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपानंतर शहर जळाले, तेव्हा बँकांना आपली भांडारे थंड होण्याची कितीतरी दिवस वाट पाहावी लागली. जियानिनी नावाच्या एका इटालियन वंशाच्या सावकाराने मात्र आपल्या बँकेची रोकड आधीच भाजीच्या गाडीत संत्र्यांच्या पेट्यांखाली घालून गावाबाहेर काढली होती. बाकीचे दार थंड व्हायची वाट बघत होते आणि तो कर्ज वाटत बसला. त्याची ती छोटी बँक पुढे बँक ऑफ अमेरिका झाली.

भिंतीतले हे पाणी आग नसतानाही थोडे थोडे आत झिरपत राहते. थंड, कोरड्या देशात ते चालून जाते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते. बुरशीला पासष्ट-सत्तर टक्के पुरतात. अशा हवेत घट्ट बसणाऱ्या दाराची, भिंतीत पाणी असलेली बंद पेटी म्हणजे कागदासाठी पावसाळी माजघरच. गणपतीला गावी येऊन तिजोरी उघडावी तर कुबट वास येतो, मृत्युपत्राच्या घड्यांवर हिरवे ठिपके असतात, मोत्यांची चमक उतरलेली असते. उपाय साधे आहेत, पण ते चालू ठेवावे लागतात. कापडी पुरचुंडीत सिलिका जेलचे खडे ठेवावेत, रंग बदलले की मंद आचेवर तापवून पुन्हा वापरावेत. कागद पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात घालावेत. जुन्या कागदांना लॅमिनेशन कधीही करू नये. ते पुन्हा काढता येत नाही आणि आत कोंडलेली ओल आतच राहते. घरात माणूस असेल तर उन्हाच्या दिवशी दार तासभर उघडे ठेवावे. तो तास घरात बसून काढावा, हे वेगळे सांगायला नको.

वाळवीची गोष्ट करणे भाग आहे. २०११ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बाराबंकी जिल्ह्यात स्टेट बँकेच्या एका शाखेत वाळवीने कोटभर रुपयांच्या नोटा खाल्ल्या. बँकेच्या भांडारात हे होते तर आपल्या घरात का होणार नाही? जांभ्याच्या भिंतीतून, शेणाच्या किंवा मातीच्या जमिनीतून येणाऱ्या वाळवीला तिजोरीच्या तळाला बोल्टसाठी पाडलेले भोक म्हणजे उघडा दरवाजा. बोल्ट आवळल्यावर ती भोके सिलिकॉन किंवा एपॉक्सीने बुजवावीत, आणि पेटीखाली लाकडी पाट कधी ठेवू नये.

बोल्ट मात्र हवाच. युरोपीय मानकात हजार किलोंपेक्षा हलक्या तिजोरीला जखडण्याची सोय सक्तीची आहे, यावरून काय ते समजावे. घरात येणारी पेटी बहुधा तीस ते दीडशे किलोंची. ती फोडायची गरजच नाही, दोघांनी उचलून टेम्पोत घातली की पुढे रानात निवांत उघडता येते. आता रत्नागिरीकराची अडचण अशी की त्याची भिंत जांभ्याची. जांभा खाणीतून काढताना कुऱ्हाडीने तासता येतो, हवेवर थोडा कठीण होतो, पण आतून सच्छिद्रच राहतो. काँक्रीटमध्ये पसरून घट्ट बसणारा बोल्ट जांभ्यात घातला की भोकाच्या कडा भुगा होऊन निघतात आणि बोल्ट हाताने ओढून काढता येतो. रसायनाने चिकटवायचे अँकर बरे. त्याहून बरे म्हणजे जमिनीत खड्डा घेऊन सळ्या टाकून काँक्रीटचा ठोकळा ओतावा, त्यातच बोल्ट बसवावेत आणि त्यावर तिजोरी आवळावी. गवंड्याचे दोन दिवसांचे काम आहे. पोकळ ब्लॉकच्या नव्या बंगल्यातही हाच सल्ला लागू. भिंतीत बसवायची छोटी तिजोरी घ्यायची असेल तर तिच्याभोवती चिरा नको, चारी बाजूंनी काँक्रीट हवे. नाहीतर चोर तिजोरी सोडून भिंत कोरतो.

ठेवायची कुठे, हा प्रश्न कोकणात सर्वांत अवघड, कारण चोर, आग आणि पाणी तिघे तीन जागा सांगतात. चोराच्या भीतीने तळमजल्यावर, जमिनीला जखडून ठेवावी. आगीतही तळमजलाच बरा, कारण कौलारू घराचे वासे जळाले की वरची तिजोरी खाली कोसळते. पाणी मात्र म्हणते, वर न्या. रत्नागिरी शहर बहुतेक उंच सड्यावर आहे, तिथे पुराची चिंता कमी. चिपळूण वाशिष्ठीकाठी, खेड जगबुडीकाठी, राजापूरची बाजारपेठ नदीकाठी. तिथे पाणीच पहिले मोजावे लागते.

२२ जुलै २०२१ रोजी चिपळूणमध्ये पाणी पहिल्या मजल्यापर्यंत चढले. १८६४ मध्ये स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची पुस्तके २००५ मध्ये भिजली होती, ती पुन्हा भिजली. एसटीच्या आगारात पाणी शिरू लागले तेव्हा आगारप्रमुखांनी दिवसाची सुमारे नऊ लाखांची रोकड तिजोरीच्या भरवशावर सोडली नाही. ती बरोबर घेऊन ते सहकाऱ्यांसह बुडत्या बसच्या टपावर चढले आणि मदत येईपर्यंत नऊ तास तिथे बसून राहिले. त्यांचा निर्णय तांत्रिकदृष्ट्याही अचूक होता. तिजोरीच्या दाराभोवतीची पट्टी बहुधा आगीच्या धगीने फुगून फट बुजवणारी असते; थंड पाण्याला ती अडवत नाही. काही पेट्यांवर पाणीरोधक असल्याचे लिहिलेले असते, तेव्हा किती खोल पाण्यात आणि किती तास, हे वाचावे. बोटभर पाण्यातला दावा आणि पंधरा फूट पाण्यातला दिवस यांचा एकमेकांशी संबंध नाही.

म्हणून पुराच्या गावात जड तिजोरी तळमजल्यावर उंच ठोकळ्यावर बसवावी, आत फक्त सोने-चांदी ठेवावी, कारण त्यांना पाण्याने काही होत नाही. कागदांची हलकी पेटी वेगळी करून वरच्या मजल्यावर ठेवावी आणि पाणी वाढायला लागले की ती उचलून निघावे. जुन्या पोटमाळ्यावर दोनशे किलोंची तिजोरी चढवणाऱ्याने मात्र आधी तुळया तपासाव्यात. कागद भिजलेच तर घाईने उलगडू नयेत, उन्हात टाकू नयेत. दोन दिवसांत बुरशी धरते, तेवढ्या वेळात वाळवणे शक्य नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवावेत. गोठलेला कागद थांबून राहतो, मग सवडीने एकेक पान टिपकागदात वाळवता येते. ग्रंथालयांचे जतनतज्ज्ञ हेच करतात.

यापेक्षा बँकेचा लॉकर बरा नाही का? दागिन्यांसाठी, विशेषतः बंद घराच्या मालकासाठी, बराच. पण १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेले रिझर्व्ह बँकेचे नियम वाचून घ्यावेत. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याने केलेली लबाडी यांत बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंतच. भाडे २,००० रुपये असेल तर २ लाख. सोन्याच्या आजच्या भावात हे किती तोळ्यांपुरते, ते ज्याचे त्याने पाहावे. पूर, भूकंप, वीज अशा नैसर्गिक आपत्तीत बँकेचा हलगर्जीपणा नसेल तर तेवढेही नाही. नदीकाठच्या पेठेतल्या बँकेत तळमजल्यावरचा खालच्या रांगेतला लॉकर घेण्यापूर्वी हा शेवटचा मुद्दा दोनदा वाचावा. आणि सात वर्षे लॉकर उघडलाच नाही आणि खातेदाराचा ठावठिकाणा लागला नाही, तर भाडे नियमित जमा होत असले तरी बँक तो उघडू शकते. परदेशी स्थायिक झालेल्या मुलांनी हे लक्षात ठेवावे.

राहता राहिला प्रश्न तिजोरीत घालायचे काय. सातबारा आणि फेरफार तिजोरीत कोंडण्यात अर्थ नाही. ते सहीनिशी पुन्हा मिळतात. नोंदणीकृत खरेदीखताची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून काढता येते, तरी मूळ प्रत जपावी. ज्याची दुसरी प्रत जगात कुठेच नाही, त्याला पहिली जागा : मोडीतले जुने कागद, आजोबांच्या हातची न नोंदवलेली वाटणी, पूर्वजांचे फोटो. त्यांचे आधी स्कॅन करून ते घराबाहेर दुसऱ्या ठिकाणी ठेवावे, मग मूळ आत जावे.

मृत्युपत्र घरच्या तिजोरीत ठेवण्याचा प्रघात मला पटत नाही. किल्ली कुठे आहे ते एकालाच ठाऊक असते आणि नेमका तोच गेलेला असतो. किंवा किल्ली ज्याच्या हाती पडते त्याला ते मृत्युपत्र गैरसोयीचे असते. १९०८ च्या नोंदणी कायद्यात यासाठी एक जुनी, फारशी कोणी न वापरणारी सोय आहे. मृत्युपत्र मोहोरबंद लिफाफ्यात घालून जिल्हा निबंधकाकडे ठेवायला देता येते. करणारा हयात असेपर्यंत ते फक्त त्याला किंवा त्याने रीतसर अधिकार दिलेल्या माणसाला परत मिळते. त्याच्या मृत्यूनंतर कोणी अर्ज केला की निबंधक अर्जदारासमोर लिफाफा उघडतो, मजकुराची नक्कल नोंदवहीत उतरवतो आणि मूळ मृत्युपत्र पुन्हा आपल्याकडे ठेवतो.